फायनान्सची गाडी मुदतीआधी परत केली, पण न्यायला सहा आठवडे कोणी आलं नाही: पाचपैकी दोन तारे

आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला अकरा वर्षं राहिलो आणि गेल्या जूनमध्ये पुण्याला परत आलो. सामानाची बांधाबांध, मुलीचा शाळेचा दाखला, भाड्याच्या घराची डिपॉझिट, सगळं वेळेत झालं. अडकली ती फक्त गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी त्यांच्यातल्याच एका बाईंनी काम मार्गी लावलं. पण तिथे पीसीपीवर (डिपॉझिट, दरमहा हप्ते आणि शेवटी एक मोठी रक्कम, अशा कर्जावर) गाडी घेतलेल्या मराठी घरांना हा अनुभव कळायलाच हवा, म्हणून सविस्तर लिहिते.

आकडे आधी सांगते, कारण सगळं त्यावरच चालतं. डिपॉझिट 1,500 पौंड, 265 पौंडांचे 48 हप्ते आणि शेवटी 7,180 पौंडांचा बलून, म्हणजे गाडी ठेवायची तर एकदम भरायची रक्कम. एकूण 21,400. तिथल्या 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 99 नुसार हायर पर्चेसचा (सगळे पैसे फिटेपर्यंत गाडी कंपनीच्याच मालकीची राहते असा) करार शेवटचा हप्ता देय होण्याआधी कधीही, लेखी नोटीस देऊन संपवता येतो. कलम 100 म्हणतं की तुमचं देणं एकूण रकमेच्या निम्म्यापर्यंतच, आणि गाडी नीट सांभाळली नसेल तर त्याची भरपाई वेगळी. पीसीपी हाही हायर पर्चेसचाच प्रकार, त्यामुळे हे त्यालाही लागू. ‘एकूण’ म्हणजे डिपॉझिट, व्याज, बलून सगळं धरून. बलून त्यात येतो हे अनेकांना माहीत नसतं, म्हणून दोन वर्षांनी ‘निम्मे तर भरले’ असं वाटतं आणि तसं नसतं. माझे 33 हप्ते झाले होते. डिपॉझिट धरून 10,245. निम्मे 10,700. म्हणजे कमी पडत होते 455. हा निम्म्याचा आकडा करारात चौकट करून छापलेला असतो. माझ्या कागदावर तो चौथ्या पानावर होता आणि सही करताना मी तो वाचलाही नव्हता.

7 मे रोजी ईमेल केला आणि तेच पत्र सही घेणाऱ्या पोस्टानेही पाठवलं. ‘कलम 99 नुसार मी करार संपवत आहे, गाडी आमच्या ड्राइव्हवेवर उभी आहे, कोणत्याही दिवशी न्या.’ एवढंच. 9 तारखेला पत्र पोचल्याची सही आली. 14 ला फोन करून 455 पौंड भरले. मला वाटलं, झालं.

20 मेला त्यांचा फॉर्म आला. सोबतच्या ईमेलमध्ये ‘सही करा, म्हणजे लगेच गाडी उचलतो.’ रात्री साडेदहाला, भांडी घासून झाल्यावर, ओट्याशी उभी राहूनच मी सही करणार होते. नवऱ्याने फॉर्म हातातून घेतला आणि दुसरा परिच्छेद मोठ्याने वाचला. वर लिहिलं होतं ‘व्हॉलंटरी सरेंडर’. मी मागितलं होतं ‘व्हॉलंटरी टर्मिनेशन’. शब्द एका पिशवीतले वाटतात, पण सरेंडर म्हणजे गाडीही द्यायची आणि लिलावात येईल ते वजा करून उरलेलं कर्जही फेडायचं. आमच्या बाबतीत तो फरक हजारो पौंडांचा झाला असता. त्या एका सहीने आम्ही कर्ज घेऊनच विमानात बसलो असतो. फोनवरच्या मुलाला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, ‘दोन्ही एकच.’ एकच नाहीत. एक तारा मी इथेच कापला आणि त्याबद्दल मला अजूनही राग आहे.

फॉर्म सही न करताच परत पाठवला. मग सुरू झालं ‘न्यायला येता येणार नाही.’ आधी म्हणाले, तुमच्या भागात आमचा माणूस नाही. मग म्हणाले, सत्तर मैलांवरच्या लिलाव केंद्रात तुम्हीच आणून सोडा. नाहीतर 190 पौंड उचलण्याचा आकार भरा. कलम 100 मध्ये असा कुठलाही आकार नाही, आणि कलम 173 सांगतं की कायद्याने दिलेलं संरक्षण करारातल्या अटीने कमी करता येत नाही. सासरे पुण्याहून फोनवर म्हणाले, ‘अगं, आपल्याकडे हप्ता चुकला की गाडी ओढून नेतात, आणि तुम्ही घेऊन जा म्हणता तर कोणी येईना?’ त्यांना काय समजावणार! 26 जूनचं तिकीट होतं, 25 ला घराच्या किल्ल्या परत करायच्या होत्या. घरमालकाच्या ड्राइव्हवेवर गाडी सोडून जायचं म्हणजे विमा चालू ठेवा, आणि वर घरमालकाचं ऐकून घ्या.

त्यातच 1 जूनला डायरेक्ट डेबिटने आणखी एक हप्ता गेला. नोटीस पोचली की पुढचे हप्ते लागत नाहीत, पण बँकेला मी कळवलं नव्हतं. ते काम नोटिशीच्या आठवड्यातच करा.

2 जूनला फोन करणं बंद केलं आणि लेखी तक्रार केली. विषयात मोठ्या अक्षरात ‘कम्प्लेंट’ लिहिलं. तक्रार पोचली की घड्याळ सुरू होतं: कंपनीला आठ आठवड्यांत अंतिम उत्तर द्यावं लागतं, आणि ते पटलं नाही तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे (अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जाता येतं, फुकट. पत्रात तारखा, पोस्टाच्या सहीचा फोटो, गाडीचे चारही बाजूंचे फोटो, 27,412 मैल दाखवणाऱ्या मीटरचा फोटो. शेवटी एक वाक्य: ‘गाडी तयार आहे, उचलणं तुमच्याकडे आहे.’

17 जूनला तक्रार विभागातल्या बाईंचा फोन आला. त्यांनी पत्र खरोखर वाचलं होतं, हे पहिल्या मिनिटात कळलं. आकार लागणार नाही, सरेंडरचा फॉर्म चुकून गेला, 21 ला गाडी उचलतील. दोन तारे आहेत ते यांच्यासाठी आणि न्यायला आलेल्या काकांसाठी.

सकाळपासून पाऊस होता. ते साठीतले गृहस्थ टॅब्लेट बाजूला ठेवून आधी फडक्याने बॉनेट पुसायला लागले. ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत आणि नंतर बिल येतं, म्हणाले, कोरडी बघितलेली तुमच्यासाठीच बरी. मग दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसचं पुस्तक, आणि चाकाच्या लॉकिंग नटाची किल्ली. ती सापडेना. डिकीतला गालिचा उचलला, तर स्पेअर चाकाच्या खाचेत, माझ्या मुलीच्या हरवलेल्या मोज्यात गुंडाळलेली. मागच्या डाव्या चाकाच्या रिमला फुटपाथ घासल्याची खूण होती, ती त्यांनी लिहिली आणि मी मान्य केली. बाकी ‘वापराची झीज’. कागदाची प्रत मेलवर आल्याशिवाय मी सही केली नाही, आणि त्यांनीही घाई केली नाही.

रिमचे 85 पौंड मी दिले. जूनचा हप्ता आणि मनस्तापाचे म्हणून 150 पौंड जुलैत खात्यात आले. क्रेडिट फाइलवर डिफॉल्ट नाही, मी दोनदा तपासलं.

लॉगबुकमध्ये, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदात, गाडी व्यापाऱ्याला दिल्याची नोंद त्याच दुपारी ऑनलाइन केली. रोड टॅक्सचे उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे आपोआप परत येतात, पण चेकने, आणि लॉगबुकवरच्या पत्त्यावर. माझा जुन्या घरी गेला. शेजारच्या गुजराती काकूंनी तो नव्या भाडेकरूंकडून मागून आणला आणि आता डिसेंबरमध्ये पुण्याला येताना घेऊन येणार आहेत.