नौपाड्यातील बालनेत्र तपासणी: एका पालकाचा अभिप्राय
आठ वर्षांच्या मुलीला फळ्यावरची अक्षरे अस्पष्ट दिसू लागल्याने आम्ही ठाण्यात नौपाड्यातील एका नेत्रचिकित्सालयात गेलो. डोळ्यांत थेंब घालून, आतील स्नायू शिथिल झाल्यावरच तिचा नंबर काढण्यात आला, ही बाब मला सर्वांत मोलाची वाटली. कारण लहान मुले नकळत डोळ्यांवर ताण देऊन पाहतात आणि थेंबांविना उणे नंबर प्रत्यक्षाहून जास्त निघू शकतो. डॉक्टरांनी गाजराचे गोडवे न गाता रोज २ तास उघड्यावर खेळण्याचा आग्रह धरला, त्यामुळे तलावपाळीची फेरी आता नित्याची झाली आहे. चष्म्यासाठी सहसा न फुटणारी पॉलिकार्बोनेटची भिंगे सुचवली. प्रतीक्षा मात्र दीड तासाची, आणि तेवढा वेळ मुलांसमोर टीव्हीवर अखंड कार्टून!