चौघांचा प्रभाग की एकाचा वॉर्ड?

नाशिक महापालिकेची 2017 ची निवडणूक 31 प्रभागांत झाली, नगरसेवक निवडायचे होते 122. बहुतेक प्रभागांत चार, दोन ठिकाणी तीन. मुंबईत मात्र 227 वॉर्ड आणि प्रत्येकी एकच नगरसेवक.

आपल्याकडे मतदार यंत्रापुढे उभा राहतो तेव्हा अ, ब, क, ड अशा जागांच्या वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका दिसतात. प्रत्येक जागेसाठी एक बटण. सगळी दाबून झाल्यावरच बझर वाजतो. चौघांची नावं पारखायला वेळ कुणाला? मग चिन्ह बघून चारही बटणं दाबली जातात आणि पक्षाचं अख्खं पॅनल निवडून येतं. गल्लीत वर्षानुवर्षं कामं केलेला अपक्ष एवढ्या मोठ्या प्रभागात पोहोचणार कसा? प्रचाराचा खर्चच त्याला झेपत नाही. पुढे नाशिकच्या सिडको भागात ड्रेनेज तुंबलं, की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

एकाच्या वॉर्डात जाब कुणाला विचारायचा हे लहान मुलालाही ठाऊक असतं. मला तेच महत्त्वाचं वाटतं.

पण एक गोष्ट प्रभागाच्या बाजूने मानावीच लागेल. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. एकच जागा असेल तर आरक्षणाच्या सोडतीत आधीच्या नगरसेवकाचा वॉर्ड जाऊ शकतो, आणि पुन्हा तिथून उभं राहायचंच नसेल तर कामाचा हुरूपही ओसरतो. चार जागांच्या प्रभागात महिला आणि सर्वसाधारण, दोन्ही जागा सहसा शेजारीशेजारी राहतात.

तरी निवड करायची झाली, तर माझं मत छोट्या वॉर्डालाच.