नव्या जेलचा दवाखाना: साडेतीन महिन्यांचा अनुभव

माझा धाकटा भाऊ न्यायबंदी आहे. त्याची केस अजून बोर्डावर आलेली नाही. त्याला टीबी आहे, आणि त्याचा सगळा इलाज जेलच्या भिंतीआड चाललाय. तिथे दुसऱ्या डॉक्टरला दाखवू म्हणायची सोय नसते. ज्यांचं माणूस आत आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय. भाऊ अजून तिथेच आहे, त्यामुळे जेलचं किंवा गावाचं नाव घेत नाही.

आधी तो आमच्या तालुक्याच्या जुन्या दगडी जेलमध्ये होता. बरॅकला वर एकच झरोका, माणसं दाटीवाटीने. खोकला तिथेच लागला. पण दवाखाना छोटा असला तरी जिव्हाळ्याचा होता. ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि तिथल्या कंपाउंडरकाकांना प्रत्येकाच्या गोळ्या तोंडपाठ होत्या. भावाचं 46 किलो वजन बघून रोज तीन गोळ्या, सकाळी चहाच्या आधी, काकांच्या समोर. लघवी लाल झाली म्हणून तो घाबरला होता, तेव्हा गोळीमुळे होतं, रक्त नाही, हे त्यांनीच समजावलं.

मग ते जेल बंद झालं. इमारत धोकादायक झाली होती, बंद व्हायलाच हवं होतं. सगळ्यांना तीन गाड्यांत घालून जिल्ह्याच्या नव्या जेलला नेलं. भाऊ उपचाराच्या सहाव्या आठवड्यात होता.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. बोलायला मोजकी मिनिटं असतात. पहिलंच वाक्य, "ताई, इथं आल्यापासून गोळी नाही."

मी आशा सेविका आहे. गावातल्या चार टीबी पेशंटना मी स्वतः समोर बसवून गोळ्या दिल्यात. पाच दिवस गोळी चुकणं म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. जंतू मरता मरता पुन्हा उठतो, आणि औषधाला दाद न देणारा झाला तर सहा महिन्यांचा इलाज कुठच्या कुठे लांबतो. हातातला फोन थरथरत होता माझ्या.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडली. चौकशीत कळलं ते असं: माणसं गाडीतून आली, पण केसपेपर आणि औषधं जुन्या दवाखान्याच्या लोखंडी पेटीत राहिली. पेटी टेबल-खुर्च्यांबरोबर टेम्पोने यायची होती, आणि टेम्पो निघालाच नव्हता. नव्या दवाखान्यातल्या फार्मासिस्ट मॅडम म्हणाल्या, "कागदाशिवाय टीबीची गोळी कशी देऊ?" त्यांचंही खरं होतं. माझ्या डायरीत भावाचा नि-क्षय आयडी, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा नंबर, लिहिलेला होता. मॅडमनी तो कॉम्प्युटरवर टाकला आणि नाव, वजन, सुरू केल्याची तारीख, सगळं समोर आलं. त्यांनी लगेच टीबी सुपरवायझरला फोन लावला. संध्याकाळी चार वाजता गोळ्या आल्या.

त्याच गाडीतून शुगरचे एक बाबा आले होते, इन्सुलिनवरचे. त्यांची बाटलीही मागेच राहिली. तिसऱ्या दिवशी ते बरॅकमध्ये पडले, रात्री सिव्हिलला न्यावं लागलं. वाचले. आम्ही खेड्यात फ्रीज नसेल तर बाटली ओल्या मडक्यात ठेवायला सांगतो. एवढी काळजी गाडीत बसवताना कोणीतरी घ्यायला हवी होती.

वकीलबाईंनी मला नंतर कायदा दाखवला. 1894 च्या कारागृह अधिनियमातच, कलम 26 मध्ये आहे: दुसऱ्या जेलला हलवण्याआधी प्रत्येक बंद्याला वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासायचं, आणि प्रवासाला योग्य नसेल तर हलवायचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांत 26 वा नियम तर सरळ म्हणतो, बंदी दुसरीकडे गेला की त्याचे वैद्यकीय कागद तिथल्या दवाखान्याकडे गेले पाहिजेत. आमच्या वेळी कोणी खोकतंय का, कोणाचं रोजचं औषध आहे का, एवढंही विचारलं नाही. जुनी जेलं आणखी बंद होणार. गोव्यात आग्वादचं मध्यवर्ती कारागृह 2015 मध्ये बंद होऊन सगळे कोलवाळला गेले. इमारत रिकामी करताना औषधाची पेटी पहिल्या गाडीत, माणसाच्या शेजारी असावी, एवढंच माझं कळकळीचं मागणं आहे.

आता नव्या दवाखान्याबद्दल. मी पाचपैकी साडेतीन तारे देते आणि ते मनापासून देते. आजाऱ्यांची खोली वेगळी आहे, समोरासमोर मोठ्या खिडक्या आहेत, हवा खेळती राहते. टीबीला याहून चांगलं काय! त्या गोंधळानंतर डॉक्टरांनी भावाच्या गाडीतल्या सगळ्यांना खोकला, ताप, वजन विचारून संशय आला त्यांची थुंकी तपासायला पाठवली. दोन महिन्यांची थुंकी तपासणी वेळेत झाली, निगेटिव्ह आली. पोषण आहाराचे दरमहा 1000 रुपये (नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते) खात्यात जमा होताहेत. फार्मासिस्ट मॅडमचं किती कौतुक करू? रविवारची गोळी शनिवारी मोजून ठेवतात, कोण देणार त्याचं नाव चिठ्ठीवर लिहितात.

दीड तारा गेला तो सिव्हिलच्या फेऱ्यांमुळे. छातीच्या एक्स-रेची तारीख तीन वेळा मिळाली, तिन्ही वेळा कैदी पार्टी, म्हणजे बंद्याला बाहेर नेणारे पोलीस, आली नाही. त्यांना दुसरीकडे बंदोबस्त होता म्हणे. चौथ्यांदा झाला. शिवाय रात्री बरॅक बंद झाल्यावर दवाखान्यात कोणी नसतं. त्या बाबांसारख्याचं काय करायचं?

तुमचं माणूस आत असेल तर नि-क्षय आयडी घरी लिहून ठेवा, केसपेपरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि हलवणार असं कानावर आलं की त्याच दिवशी मुलाकातीला जा. टीबीसाठी 1800-11-6666 हा फुकट नंबर आहे.

गेल्या मुलाकातीत भावाने काचेला एक कागद लावून दाखवला. मॅडमनी दिलेली वजनाची चिठ्ठी. 51. पाच किलो वाढलं म्हणून गोळ्या तीनच्या चार झाल्यात. तो फोनवर काहीतरी बोलत होता, पण मी तो आकडाच बघत बसले.