घरात आधी कोणता कंद रुजवावा: बिगोनिया, डेलिया, कर्दळ, निशिगंध की कॅलेडियम?

शिकागोत फ्रॉस्टची, म्हणजे रोपं गोठवणाऱ्या थंडीची, धास्ती साधारण 15 मेपर्यंत असते. त्याआधी हे कंद बाहेरच्या कुंडीत लावले, तर थंड ओल्या मातीत कोंब येण्याआधीच कुजतात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये ते घरात रुजवायचे. पण घरात दिवा एक, हीट मॅट (ट्रेखाली ठेवायची विजेची उबदार चटई) एक आणि उजेडाची खिडकीही एखादीच. ती जागा कुणाला द्यायची, हे कंद मागवण्याआधी ठरवलेलं बरं.

एकच ट्रे मावत असेल तर तो कंदी बिगोनियाला द्या. कोंब फुटल्यापासून पहिल्या फुलापर्यंत त्याला तीन-चार महिने लागतात. मेच्या मध्याला थेट बाहेर लावलात, तर फुलं यायला ऑगस्टअखेर उजाडतो आणि ऑक्टोबरात थंडी त्याला झोपवते. डेलियाचं तसं नाही. तो मेमध्ये बाहेर लावला तरी ऑगस्टमध्ये फुलतोच, घरात रुजवल्यामुळे फक्त तीन-चार आठवडे पदरात पडतात. ग्लॅडिओलस तर घरात आणूच नका, थेट बाहेर लावा.

दुसरा प्रश्न कुंडीच्या जागेचा. उत्तरेकडची, सावलीची बाल्कनी असेल तर निवड बिगोनिया आणि कॅलेडियम यांच्यातच आहे. रोज सहा तास ऊन असेल तर डेलिया, कर्दळ आणि निशिगंध.

बिगोनियाचा कंद म्हणजे चपटं, तपकिरी, मधे खळगा असलेलं काहीतरी. खळग्याची बाजू वर ठेवायची. तिथेच टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी ठिपके दिसतात, ते कोंब. मार्चच्या मध्याच्या सुमारास, म्हणजे बाहेर लावायच्या आठ ते दहा आठवडे आधी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) यांच्या ओलसर मिश्रणात कंद बसवा आणि वर जेमतेम थर द्या. मूठभर मिश्रण घट्ट पिळल्यावर एक-दोन थेंब पडले की ओल बरोबर. पाणी कडेने घाला. खळग्यात साचलं की कंद मधूनच सडतो, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तापमान 20 ते 22 अंश सेल्सिअस पुरे. उजेडाबाबत मात्र हयगय नको: मार्चमधला दिवस जेमतेम 12 तासांचा, आणि तेवढ्या उजेडात हे झाड वाढायचं सोडून पुन्हा कंद फुगवायच्या मागे लागतं. कोंब आले की एलईडी दिवा 14 तास लावा.

कॅलेडियमला उजेडापेक्षा ऊब महत्त्वाची. माती 21 अंशांच्या खाली गेली की तो हलत नाही, नुसता कुजत बसतो. रात्री गार पडणारी खिडकी त्याला चालत नाही, हीट मॅट किंवा फ्रिजचा माथा चालतो. बाहेरही तो जूनमध्येच न्यायचा, रात्री 15 अंशांच्या वर स्थिरावल्यावर. त्यामुळे एप्रिलच्या मध्याआधी त्याला हात लावायचं कारण नाही. मधला मोठा डोळा सुरीच्या टोकाने काढला तर बाजूचे डोळे फुटून कुंडी लहान पानांनी भरते, ठेवला तर पानं मोजकी पण मोठी येतात. मोठ्या कुंडीत एकटा लावणार असाल तर डोळा ठेवा. तो अळूच्याच कुळातला असला, तरी खायचा नाही. लहान मुलं आणि मांजरं असतील तर विचार करून घ्या.

उन्हातल्या जागेसाठी डेलिया घेताना कंदाची मान बघा. दिसायला रताळं, पण रताळ्यासारखा कुठूनही फुटत नाही. डोळा असतो तो मानेच्या वर, जुन्या दांड्याला चिकटलेल्या भागावर. मान मोडलेला कंद कितीही जाडजूड असो, बिनकामाचा. बाहेर लावायच्या चार-पाच आठवड्यांपेक्षा आधी सुरू करू नका, नाहीतर खिडकीत लांबच लांब, मऊ दांडा होतो आणि बाहेरच्या पहिल्या वाऱ्यात आडवा पडतो. कोंब दिसेपर्यंत पाणी जवळपास नाहीच. पानांच्या चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा. कुंडीसाठी 45 ते 60 सेंटिमीटर वाढणाऱ्या ठेंगण्या जाती आणि निदान 30 सेंटिमीटरची कुंडी. ताटाएवढ्या फुलांचा मोह जमिनीतल्या वाफ्यासाठी राखून ठेवा.

कर्दळ आपल्याकडे नाल्याकाठी कुणी न लावता फुलते, आणि इथेही तेवढीच सोशिक आहे. गड्डा आडवा, 5 ते 8 सेंटिमीटर खोल. अडचण एवढीच की ती जागा खाते: ट्रेऐवजी सुरुवातीपासून मोठा डबा, मग 40 सेंटिमीटरची कुंडी आणि जुलैत रोज पाणी. पानांवर पिवळ्या रेघा-चट्टे दिसले तर तो बहुधा विषाणू, औषध नाही. गड्डा फेका, सुरी धुवा.

निशिगंधासाठी पाच-सहा आठवडे घरातली ऊब खरोखर कामी येते, कारण फुलायला त्याला उन्हाळ्यातले तीन-चार महिने हवेत. 2 सेंटिमीटरपेक्षा बारीक कंद घेऊ नका, त्या वर्षी फुलणार नाहीत. 30 सेंटिमीटरच्या कुंडीत पाच कंद पुरे. फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याची पिल्लं पोसायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या वर्षी नुसती गवतासारखी पानं दिसली तर चूक तुमची नव्हे. दरवर्षी नवे कंद आणायची तयारी नसेल तर डेलियाच बरा.

कुठलाही कंद घेतलात तरी बाहेर नेताना सात ते दहा दिवस सावलीत सवय लावा. पहिल्याच दिवशी उन्हात ठेवलेल्या बिगोनियाची पानं दुपारपर्यंत पांढरी पडतात.

ट्रेचा कोपरा उरलाच, तर भारतीय दुकानातली कोंब आलेली दोन अरवी खोचून द्या. तोच अळू इथल्या नर्सरीत ‘एलिफंट इअर’ म्हणून भरपूर पैशांना मिळतो. फक्त आणलेली जात खाजरी आहे का, हे कळल्याशिवाय वड्यांचा बेत करू नका.