प्लित्वित्से : आईच्या गुडघ्यांना झेपलेले धबधबे

आईचा उजवा गुडघा बदलून दोन वर्षं झाली. सपाटीवर ती रोज चार-पाच किलोमीटर चालते, चढही सावकाश चढते. अडतं ते उतारावर. आणि धबधबा म्हटला की उतरणं आलंच, निसरडे दगड आले, कुणीतरी खालून हात देणं आलं. त्यामुळे बरीच वर्षं धबधबा तिने गाडीच्या काचेतूनच बघितला होता. क्रोएशियाला जायचं ठरल्यावर मी समुद्रकाठची गावं बाजूला ठेवून आधी प्लित्वित्से या तळ्या-धबधब्यांच्या राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा उघडला. तिथे पाण्यावरून फळ्यांची वाट जाते, एवढं मला माहीत होतं. ती वाट आईला झेपेल का, हाच माझा प्रश्न होता आणि ज्यांच्या घरी असाच प्रश्न असेल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

थोडक्यात उत्तर : झेपते, पण कुठल्या टोकाकडून सुरुवात करता त्यावर सगळं आहे.

प्लित्वित्सेत सोळा तळी आहेत. ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकाखाली एक आहेत, वरच्या गटात बारा आणि खालच्या गटात चार. सगळ्यात वरचं प्रोश्चान्स्को आणि सगळ्यात खालचं तळं यांच्या पातळीत १३० मीटरहून जास्त फरक. प्रत्येक तळं काठोकाठ भरून पुढच्या तळ्यात सांडतं आणि जिथे सांडतं तिथे धबधबा. म्हणजे इथे एक मोठा धबधबा बघायला जायचं नसतं, दिवसभर धबधब्यांमधूनच चालायचं असतं. काही ठिकाणी पाणी फळ्यांच्या अगदी खालून जातं. दोन फळ्यांच्या फटीतून ते पळताना दिसतं, आणि तुम्ही उभे असता तिथून दोन हातांवर ते खाली कोसळतं. आई पहिल्यांदा अशा जागी आली तेव्हा थांबलीच. नुसती पायाखाली बघत होती.

प्रवेशद्वारं दोन आहेत. बरेचसे लोक एक नंबरच्या दारातून येतात, कारण तिथून आत शिरताच दरीच्या काठावरून वेलिकी स्लाप दिसतो, ७८ मीटरचा, क्रोएशियातला सर्वांत उंच धबधबा. पण मग लगेच नागमोडी वाटेने दरीत उतरावं लागतं. आम्ही ते टाळलं. दोन नंबरच्या दारातून एच नावाचा मार्ग घेतला. सुमारे नऊ किलोमीटरचा आहे, पाट्यांवर चार ते सहा तास दिलेत. आम्हाला थांबत-बसत सात लागले. या मार्गात आधी उद्यानाची गाडी तुम्हाला वरच्या तळ्यांपाशी नेऊन सोडते, आणि तिथून पाण्याबरोबर हळूहळू खाली यायचं. उतार इतका विभागलेला आहे की एका वेळी पाच-सहा पायऱ्यांहून जास्त उतरल्यासारखं वाटत नाही. आईने एक पाय, मग दुसरा पाय, असं करत सगळं पार केलं. काठी मात्र हवीच. काठीच्या टोकाला रबर बसवून घ्या, नाहीतर ती फळ्यांच्या फटीत अडकते.

आता फळ्यांबद्दल खरं ते सांगायला हवं. वाट लाकडी आहे, आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. दोन माणसं समोरासमोर आली तर अंग चोरून जावं लागतं. तुषार उडतात तिथे लाकूड ओलं असतं. चपला किंवा गुळगुळीत तळव्याचे बूट घालून येऊ नका. चाकाच्या खुर्चीसाठी किंवा बाबागाडीसाठी ही वाट नाही, मध्ये मध्ये पायऱ्या आहेत. जिथे मंडळी फोटोसाठी मधोमध उभी राहतात तिथे मागची रांग खोळंबते, आणि ज्याला तोल सांभाळायचा आहे त्याच्यासाठी असं उभं राहणं चालण्यापेक्षा जड जातं. म्हणून सकाळची पहिली वेळ घ्या. तिकिटावर आत शिरण्याचा तास ठरलेला असतो, ते आधी ऑनलाइन काढावं. दर ऋतूप्रमाणे बदलतात, उन्हाळ्यात सगळ्यात जास्त. पण गाडी आणि बोट दोन्ही त्यातच येतात. आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात गेलो होतो. वितळलेल्या बर्फाचं आणि वसंतातल्या पावसाचं पाणी भरपूर होतं आणि पहिले दोन तास वाट जवळजवळ आमचीच होती.

वरची तळी मला जास्त आवडली, हे मुद्दाम लिहिते, कारण वेळ कमी असला की लोक तीच गाळतात. गालोवात्स आणि ग्रादिन्स्को या तळ्यांच्या आसपास पाणी एका धारेत पडत नाही. झाडांच्या मुळांतून, शेवाळाच्या झिपऱ्यांतून, गवताच्या पात्यांवरून शंभर वाटांनी झिरपत येतं. आवाजही एक नसतो. जवळची झुळझुळ, पलीकडचा खळखळाट आणि या दोन्हींच्या मागे एक सलग घुमणं. आई डोळे मिटून बाकावर बसली आणि म्हणाली, "पाच मिनिटं बोलू नकोस गं."

पाण्यात पडलेली झाडं नीट बघा. निवळशंख पाण्यात तळापर्यंत दिसतात, आणि त्यांच्या फांद्यांवर पांढरट साय चढलेली असते. सगळ्या जागेचं गुपित तेच. इथला डोंगर चुनखडीचा आणि डोलोमाइटचा. पाऊस जमिनीत मुरताना चुना विरघळवून घेतो. पुढे पाणी उड्या मारत जातं तेव्हा त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना शेवाळावर, काडीवर, पानावर बसतो. त्याचा सच्छिद्र दगड होतो, त्याला टुफा म्हणतात. हाच दगड साठत साठत बांध झाला आणि बांधामागे तळी साचली. म्हणजे धबधब्यानेच स्वतःचा कडा बांधला, आणि अजून बांधतो आहे, वर्षाला जेमतेम सेंटिमीटरच्या हिशेबाने. शेवाळ मेलं किंवा पाणी घाण झालं की बांधणं थांबतं. म्हणून पोहायला पूर्ण बंदी आहे. उन्हात ते निळं-हिरवं पाणी बघून मोह होतो, पण त्यात बोटसुद्धा बुडवू नये असं मला मनापासून वाटतं. फळ्यांची वाटही त्याचसाठी आहे. आपले पाय त्या दगडाला लागत नाहीत.

वरच्या तळ्यांच्या शेवटी कोझ्याक लागतं, सगळ्यात मोठं आणि सगळ्यात खोल. ते विजेच्या बोटीने पार करायचं. वीसेक मिनिटं इंजिनाचा आवाज नाही, फक्त पाणी कापल्याचा. पलीकडच्या धक्क्याजवळ मोठं कुरण आहे, स्वच्छतागृह आणि खाण्याची टपरी आहे. आम्ही मुक्कामाच्या घरी केलेल्या दशम्या तिथे गवतावर बसून खाल्ल्या. दुपारी या बोटीला मोठी रांग लागते, तेव्हा बसायला सोय मिळेलच असं धरून चालू नका.

खालची चार तळी वेगळीच. उंच, उघड्या पांढऱ्या कड्यांची दरी आणि मध्ये पाणी. इथल्या एका धबधब्याला मिल्का त्र्निना या ऑपेरा गायिकेचं नाव आहे. १८९७ मध्ये तिने आपल्या मैफलीचं उत्पन्न या तळ्यांच्या जपणुकीसाठी दिलं होतं. राष्ट्रीय उद्यान व्हायला त्यानंतर ५२ वर्षं लागली, १९४९ साल उजाडलं. आईला हे सांगितलं तर तिने परत मागे जाऊन तो धबधबा पुन्हा बघितला. ती स्वतः चाळीस वर्षं गाणं शिकवते.

वेलिकी स्लापच्या पायथ्याशी जी गर्दी असते ती असते. चेहऱ्यावर तुषार घ्या आणि दहा पावलं पलीकडे सास्ताव्त्सीला या. सोळा तळ्यांचं पाणी आणि वेलिकी स्लापवरून पडणारा प्लित्वित्सा ओढा इथे एकत्र येतात आणि इथून पुढे त्या पाण्याला कोराना नदी म्हणतात. बहुतेक लोक धबधब्याकडे तोंड करून उभे असतात आणि नदी त्यांच्या पाठीमागे सुरू झालेली असते.

शेवटी दरीतून वर यायचा चढ आहे, खालच्या तळ्यांपर्यंत आलात की तो चुकत नाही. आम्ही चार वळणांवर चार वेळा बसलो. वर गाडीच्या थांब्यावर आईने बूट सैल केले, गुडघा चोळला; सूज नव्हती. दोन दिवसांचंही तिकीट मिळतं. वय साठीपुढे असेल तर तेच घ्या : एक दिवस वरची तळी, एक दिवस खालची. आम्हीही पुढच्या खेपेला तसंच करणार आहोत, ऑक्टोबरमध्ये, बीच नावाच्या झाडांची पानं पिवळी पडतात तेव्हा.