रोबोट आर्मचा डिजिटल ट्विन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

युनिव्हर्सल रोबोट्सचा यूआर५ई आर्म, रोबोटचे प्रोग्रॅम एकमेकांशी जोडणारं आरओएस २ आणि गॅझेबो हा सिम्युलेटर. काम एकच: १६ मिमी व्यासाच्या टेस्ट ट्यूब एका रॅकमधून उचलून दुसऱ्यात ठेवणे. ट्विन, म्हणजे खऱ्या आर्मसोबत हलणारी त्याची कॉम्प्युटरवरची प्रतिकृती, घ्यावा का? जरूर घ्यावा. पण पडद्यावरचा आर्म खऱ्यासारखा हलतो, एवढ्यावर त्याच्यावर विश्वास टाकू नका.

सगळ्यात आधी कॅलिब्रेशन. यूआरडीएफमधली (आर्मच्या रचनेचं वर्णन करणारी फाइल) मापं त्या मॉडेलची सरसकट असतात, टेबलावरचा आर्म त्याहून किंचित वेगळा असतो. फॅक्टरी कॅलिब्रेशन कंट्रोलरमधून काढून यूआरडीएफला जोडावंच लागतं. बुडाच्या सांध्यात अर्ध्या अंशाची चूक असली, तर ८५० मिमीच्या पूर्ण पोहोचीवर टोक सुमारे ७.४ मिमी सरकतं. ट्यूब रॅकच्या कडेवर आपटायला तेवढं पुरतं.

मग वेळ. हा आर्म सेकंदाला ५०० वेळा सांध्यांची स्थिती देऊ शकतो, तरी वाटेत उशीर होतोच. २५० मिमी प्रतिसेकंद वेगाला ४० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ट्विन १० मिमी मागे. दोष कुठे आहे ते ओळखायला आर्म जागीच थांबवा: फरक मिटला तर उशीर, राहिला तर कॅलिब्रेशन. कॉम्प्युटर दोन असतील तर घड्याळं क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने जुळवा. एखादा नोड (आरओएसमधला एक चालू प्रोग्रॅम) चुकून सिम्युलेशनच्या घड्याळावर राहिला की टीएफच्या (कुठला भाग कुठे आहे याचा हिशेब ठेवणारा आरओएसचा भाग) एररचा पाऊस पडतो. क्यूओएसची (डेटा किती खात्रीने पोचवायचा याची सेटिंग) चूक त्याहून वाईट, कारण ती सहज नजरेतून सुटते: पाठवणारा बेस्ट एफर्टवर (पोचला तर पोचला) आणि घेणारा रिलायबलवर (पोचलाच पाहिजे) असेल तर डेटा येतच नाही आणि ट्विन जुन्याच पोझमध्ये उभा राहतो.

खरी फसगत पकडीत होते. ग्रिपर (आर्मच्या टोकाची दोन बोटांची पकड) मिटला की ट्विनमध्ये ट्यूब हाताला जोडली जाते. खरी ट्यूब निसटून खाली पडली तरी पडद्यावर ती हातातच दिसते. म्हणून मिटल्यावर दोन बोटांमधलं अंतर वाचा. १५ मिमीपेक्षा कमी आलं तर पकड रिकामी आहे असं धरून आर्म तिथेच थांबवा. हा एक तपास लावल्याशिवाय रात्रभर काम सोडून जाऊ नये.

केबल ट्विनमध्ये नसतेच. मनगटाचे सांधे दोन्ही बाजूंना ३६० अंश फिरू शकतात, ग्रिपरची केबल मात्र तेवढा पीळ सोसत नाही. आर्मचा मार्ग आखणारा प्लॅनर बिनधास्त लांबचा वळसा निवडतो आणि कनेक्टर उपटला जातो. जॉइंट लिमिटच्या फाइलमध्ये शेवटच्या सांध्याला १८० अंशांवर अडवा, आणि केबलला मनगटाजवळ थोडा सैल वळसा ठेवा.