बालवाडीची ताई व्हायचंय: मॉन्टेसरी, इग्नू, स्पेशल डीएड की वर्गातच शिकणं?

बारावी झालीये किंवा ग्रॅज्युएशन झालंय, लहान मुलांत जीव रमतो, आणि आता कोर्स कोणता करू असं विचारणाऱ्या खूप जणी भेटतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. फी आणि कालावधी बघूच, पण मी मुख्यतः दोन गोष्टींवर तोलणार आहे. खेळातून शिकवणं हा कोर्स खरंच हाताला लावतो का, आणि वर्गात एखादं दिव्यांग मूल आलं तर त्याला सोबत घेऊन वर्ग चालवता येईल का. कारण तीन ते सहाच्या वर्गात असं मूल येणारच. बऱ्याचदा निदानही झालेलं नसतं, घरचे म्हणतात बोलेल हो, याचा बाबाही उशिराच बोलला, आणि हाक मारली तरी हा वळून बघत नाही हे पहिल्यांदा बालवाडीच्या ताईच्याच लक्षात येतं.

आधी मॉन्टेसरी. हे नाव कुणीही बोर्डावर लावतं, त्यामुळे एएमआयचा डिप्लोमा आणि गल्लीतला 'मॉन्टेसरी कोर्स' या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत हे पक्कं लक्षात ठेवा. एएमआय म्हणजे असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल, ही पद्धत घडवणाऱ्या इटालियन डॉक्टर मारिया मॉन्टेसरींनीच 1929 मध्ये स्थापन केलेली संस्था, आणि त्या स्वतः 1939 मध्ये भारतात आल्या, मद्रासला अड्यारमध्ये त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. या डिप्लोमात एकेक साधन स्वतः हाताळून, पुन्हापुन्हा मांडून शिकायचं, वर्गात गप्प बसून तासन्‌तास निरीक्षण करायचं, प्रत्यक्ष मुलांना शिकवायचं आणि शेवटी लेखी-तोंडी परीक्षा द्यायची. निरीक्षणाची ही सवय दुसरा कुठलाच कोर्स इतकी पक्की लावत नाही असं माझं ठाम मत आहे. आणि समावेशनाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना सोबत घेण्याच्या बाजूने एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, मॉन्टेसरींचं काम सुरूच झालं ते रोममधल्या बौद्धिक दिव्यांग मुलांपासून, इटार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या साधनांचा अभ्यास करून, आणि 1907 चं 'बालगृह', म्हणजे त्यांची लहान मुलांची पहिली शाळा, त्याच्यानंतरची.

पण खेळाच्या बाबतीत मन थोडं खट्टू होतं. तिथे मुलाच्या कृतीला 'काम' म्हणतात आणि साधन ठरल्या पद्धतीने वापरायचं असतं, भातुकली, खोटंखोटं दुकान, डॉक्टर-पेशंट याला जागा कमीच. आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पोकळी तेव्हाच ओळखली होती, म्हणून त्यांच्या बालमंदिरात गोष्टी, गाणी, नाटक सगळं आलं. या डिप्लोमाला वर्षभर पूर्णवेळ द्यावा लागतो आणि इथे लिहिलेल्या पर्यायांत सगळ्यात महाग हाच.

दुसरा पर्याय इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा डीईसीई, लहान मुलांचं संगोपन आणि शिक्षण यांचा घरबसल्या करायचा डिप्लोमा. बारावीवर प्रवेश, किमान एक वर्ष, घर-नोकरी सांभाळून करता येतो आणि खर्च काही हजारांत भागतो, म्हणून तालुक्याच्या गावातल्या मुलींसाठी हा खरा आधार आहे. मुलाची वाढ, आहार, लसीकरण, खेळाच्या कृती, विशेष गरजा असलेली मुलं, सगळ्याची पुस्तकं येतात, आणि प्रोजेक्टमध्ये मुलांसोबत कृती घेऊन लिहायच्या असतात. गोची इथेच आहे, तुम्ही गाणं घेताना मागे बसून कुणी बघत नाही. पाठ्यपुस्तकात वाचलं की ऐकू कमी येणाऱ्या मुलासमोर उजेडात तोंड करून बोलावं, पण गोलात वीस मुलं उड्या मारत असताना आपण कुठे उभं राहायचं हे कुणीतरी जागेवर सांगावं लागतं. म्हणून डीईसीई करणार असाल तर सोबत एखाद्या चांगल्या बालवाडीत रोज सकाळी मदतनीस म्हणून जा, पैसे कमी मिळाले तरी जा.

तिसरा स्पेशल डीएड, म्हणजे विशेष शिक्षक घडवणारा, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला दोन वर्षांचा डिप्लोमा, बारावीला 50 टक्के लागतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था श्रवणदोषाच्या क्षेत्रातली आहे, बौद्धिक दिव्यांगत्वासाठी एनआयईपीआयडी या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे, याशिवायही मान्यताप्राप्त कॉलेजं आहेत. पास झाल्यावर आरसीआयकडे नोंदणी होते, आणि ही नोंदणी नसेल तर विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही, त्यामुळे नोकरीच्या दृष्टीने हा कागद सगळ्यात वजनदार. एका मुलाला नीट बघायचं, त्याच्या क्षमता लिहून काढायच्या, त्याच्यापुरता आराखडा बनवायचा, पालकांना धीर देत समजवायचं, हे इथे उत्तम शिकवतात. पण भर एकेका मुलावर आणि एकाच प्रकारच्या दिव्यांगत्वावर राहतो. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मोजलेत, आणि तुमच्या वर्गातलं मूल नेमकं कोणत्या प्रकारचं येईल ते तुमच्या सर्टिफिकेटला विचारून येत नाही. शिवाय पंचवीस मुलांच्या धुमाकुळात त्या एका मुलाला खेळात ओढून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे.

हे कौशल्य वर्गातच येतं, आणि मला मनापासून आवडणारा पर्याय तोच आहे. मुंबईत 2003 मध्ये सुरू झालेलं मुक्तांगण, महापालिकेच्या शाळांसोबत काम करतं, आसपासच्या वस्तीतल्याच बायकांना त्यांनी शिक्षिका म्हणून घडवलं, वर्षभर पूर्णवेळ, शिकायचं आणि लगेच वर्गात करून बघायचं. दिव्यांग मुलं त्याच वर्गांत असतात. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ सोनाळ्याची क्वेस्ट संस्था अंगणवाडीतायांसोबत काम करते. आणि या सगळ्याचं मूळ डहाणूजवळच्या बोर्डी-कोसबाडला, तिथे मुलं शाळेत येईनात म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, बिया, खडे, शिंपले, पानं हीच साधनं. शाळेत न येणाऱ्या मुलाला दोष न देता शाळा बदलायची, समावेशन म्हणजे हेच तर आहे. अडचण एवढीच की अशा जागा मोजक्या आणि ठरावीक गावी, शिवाय सगळीकडे सरकारी डिप्लोमा हातात पडेल असं नाही. प्रवेश चालू आहेत का, हे आधी फोन करून विचारा.

खासगी तीन-सहा महिन्यांचे एनटीटी, म्हणजे नर्सरी टीचर ट्रेनिंगचे कोर्स? बहुतेकांना एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता नसते. एनसीटीईच्या नियमांत पूर्वप्राथमिकचा डिप्लोमा दोन वर्षांचा आहे, तेवढं सांगून पुढे जाते.

मग ठरवायचं कसं? कोर्स बघायला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि विचारा, ट्रेनीला रोज किती तास मुलांत घालवायला मिळतात, तिचा वर्ग कोण बघतं आणि नंतर तिच्याशी कोण बोलतं. सरावाच्या वर्गात दिव्यांग मूल आहे का ते स्वतः जाऊन बघा, आणि असेल तर ते काय करतंय ते बघा. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत असेल तर तो समावेश नव्हे. त्याला आधार देऊन खाली सगळ्यांबरोबर बसवलंय, वाळूचं घमेलं त्याच्या हाताच्या उंचीवर आणलंय, ऑटिझम असलेल्या मुलासाठी दिवसाचा क्रम चित्रांत लावलाय, गोंगाट झाला की जायला शांत कोपरा आहे, असं दिसलं तर तिथे डोळे मिटून प्रवेश घ्या, फी थोडी जास्त असली तरी.

मोठ्या शहरातल्या मॉन्टेसरी शाळेतच नोकरी हवी असेल आणि पैशाची सोय असेल तर एएमआय. घरात किंवा नात्यात दिव्यांग मूल आहे, त्या कामात आयुष्य घालवायचंय, तर स्पेशल डीएड, आणि सुट्टीत साध्या बालवाडीत जाऊन बसायचं. अंगणवाडीत जायचंय तर आपल्याकडे सेविकेसाठी आता बारावी लागते आणि ती स्थानिक रहिवासी असावी लागते, त्यामुळे गावातली जागा निघायच्या आत डीईसीई करून ठेवा, काम नक्की सुधारेल. आणि अजून काहीच ठरत नसेल तर मी डीईसीई अधिक रोजची बालवाडी हीच जोडी सांगेन, कमी पैशात पुस्तक आणि मुलं दोन्ही मिळतात. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात, बालवाडी मात्र फॉर्म भरायच्या आधीच शोधा.